वळवाचे वादळ, विजेचा इशारा आणि शिवारातील माणूस : गावात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

बदली होऊन गावात आलेले शिक्षक, बँकेतील किंवा आरोग्य केंद्रातील कर्मचारी, नव्याने शेती घेतलेली कुटुंबे आणि वडिलोपार्जित घराचे कुलूप काढून पुन्हा गावी राहू लागलेली मंडळी यांना सुरुवातीला धास्ती असते ती साप-विंचवाची. वळवाची किंवा परतीच्या पावसाची धास्ती फारशी कोणाला नसते, कारण शहरात वीज कडाडली तरी माणूस दहा पावलांत पक्क्या छपराखाली जातो. शिवारात तेच छप्पर अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर असते, वाटेत चिखल असतो, हातात गुरांचे दावे असते आणि खळ्यावरचा माल उघडा पडलेला असतो. पुढे जे काही सांगितले आहे ते सगळे या अंतराभोवती फिरते; इशारा वाचायचा तो हे अंतर वेळेत कापता यावे म्हणून, आणि हंगामाआधी तयारी करायची ती हे अंतर शक्य तितके कमी करता यावे म्हणून.

धोका किती खरा आहे याची कल्पना एका आकड्यावरून येईल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसे दगावली. त्यांतील बहुतेक जण ग्रामीण भागातील होते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि सह्याद्रीच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात एप्रिल ते जून हा पहिला आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा दुसरा काळ विशेष जपण्याचा असतो. भातकापणीच्या दिवसांत कोकणातही संध्याकाळी विजा होतात. मोसमी पावसाच्या भरात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस जास्त असला तरी विजा तुलनेने कमी असतात, हे नवख्या माणसाला उलटे वाटते.

पहिली पायरी : हंगामाआधी निवारा ठरवून ठेवणे

एखाद्या कोरड्या दिवशी आपण जिथे जिथे वावरतो त्या प्रत्येक ठिकाणाहून, म्हणजे शेताच्या दूरच्या बांधावरून, विहिरीवरून आणि गुरे चारण्याच्या माळावरून, सर्वात जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत नेहमीच्या चालीने चालून पाहावे आणि किती मिनिटे लागतात ते लक्षात ठेवावे. धावत जाऊन मोजू नये, कारण खऱ्या वेळी पायाखाली चिखल असतो, वारा समोरून येतो आणि सोबत लहान मूल किंवा म्हातारे माणूस असू शकते.

सुरक्षित जागा कोणती, याबाबत गावात बरेच गैरसमज आढळतात. विटा-सिमेंटचे, चारी बाजूंनी बंद आणि विजेची व पाण्याची जोडणी असलेले घर, शाळा, ग्रामपंचायत किंवा आरोग्य उपकेंद्र ही उत्तम जागा होय, कारण वीज पडलीच तर भिंतींतील तारा, नळ आणि लोखंड तिला जमिनीकडे वाट देतात. काचा बंद केलेली मोटार, जीप किंवा एसटी बसही चांगला आसरा देते. तिथे वाचवतो तो गाडीचा धातूचा सांगाडा. रबरी टायरमुळे संरक्षण मिळते ही समजूत चुकीची असून, त्याच समजुतीपोटी लोक मोटारसायकलवर किंवा उघड्या ट्रॅक्टरवर निर्धास्त बसतात.

चार खांबांवरची पत्र्याची शेड, कापडी मांडव, शेडनेट, कांदाचाळ, बसथांब्याचा उघडा निवारा आणि देवळाचा मोकळा सभामंडप पावसापासून आडोसा देतात. विजेपासून देत नाहीत. झाडाखाली थांबणे तर सर्वात घातक. लिंब असो, चिंच असो वा आंबा, उंच झाडावर पडलेली वीज खोडातून उतरताना शेजारच्या माणसावर उडी घेते, किंवा मुळांभोवतीच्या जमिनीत पसरून पायांतून अंगात शिरते. बांधावरच्या एकुलत्या एका झाडाखाली चार-पाच मजूर एकत्र थांबलेले असताना एकाच विजेने अनेकांचा बळी जातो, तो याच कारणाने.

काही गावांत ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या इमारतीवर वीज अटकाव यंत्र बसवलेले असते. ते चांगलेच आहे. परंतु ते मुख्यतः त्या इमारतीचे आणि तिच्या अगदी लगतच्या जागेचे रक्षण करते. गावात यंत्र आहे म्हणून दोन किलोमीटरवरच्या मळ्यात बिनधास्त राहणाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

आपले घर पत्र्याचे असेल तर आणखी एक काम हंगामाआधीच उरकावे. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर मोठाले दगड ठेवण्याची रीत गावोगावी आहे. वाऱ्याचा जोर वाढला की पत्रा एका बाजूने उचलला जातो, त्यावरचा दगड घरंगळतो आणि खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर येतो. हे दगड उतरवून पत्रे आकडीच्या बोल्टने खालच्या लोखंडी किंवा लाकडी आडव्यांना आवळून घ्यावेत, आणि ते आडवेही भिंतीत नीट रुतलेले आहेत का हे गवंड्याकडून तपासून घ्यावे. घरावर झुकलेल्या वाळक्या फांद्या छाटाव्यात. मात्र त्या वीजतारांना टेकलेल्या असतील तर स्वतः कोयता न चालवता महावितरणच्या वायरमनला बोलवावे.

दुसरी पायरी : इशारा वाचायला शिकणे

भारतीय हवामान खात्याचे मुंबई येथील केंद्र कोकण, मध्य महाराष्ट्र आणि मराठवाड्यासाठी, तर नागपूरचे केंद्र विदर्भासाठी इशारे देते. पुढील काही दिवसांचा जिल्हानिहाय इशारा रंगांत असतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे आता कृती करा. हे रंग ठरवताना घटना घडण्याची शक्यता आणि तिचा संभाव्य परिणाम या दोहोंचा विचार केलेला असतो. म्हणूनच पिवळा रंग पाहून ‘काही विशेष नाही’ असे समजणे चूक ठरते, कारण विजेच्या बहुतेक दिवशी जिल्ह्याचा रंग पिवळाच असतो.

दुसरा प्रकार तात्कालिक इशाऱ्याचा, जो पुढील तीन तासांपुरता असतो. त्याचा मजकूर साधारणपणे असा असतो : ‘येत्या ३ तासांत बीड, धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह हलका ते मध्यम पाऊस आणि ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे वाहण्याची शक्यता आहे.’ या वाक्यातील प्रत्येक तुकड्याला ठरावीक अर्थ आहे. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ त्या भागातील पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या ठिकाणी, ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, आणि ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत. म्हणजे हे शब्द वादळाचा विस्तार सांगतात. त्याचा जोर सांगत नाहीत. तुरळक ठिकाणी पडणारी वीज जिथे पडते तिथे पूर्ण ताकदीनेच पडते. जोराचा अंदाज वाऱ्याच्या आकड्यावरून येतो : ताशी ४१ ते ६१ किलोमीटर वाऱ्याच्या गडगडाटी वादळाला हवामान खाते मध्यम म्हणते, ६२ ते ८७ किलोमीटरच्या वादळाला तीव्र, आणि त्यावरच्याला अतितीव्र. मध्यम वादळातही सैल पत्रे उडतात आणि शेवग्यासारखी ठिसूळ झाडे मोडतात, हे ध्यानात असू द्यावे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अ‍ॅप आपल्या जागेभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात विजा कुठे पडत आहेत ते नकाशावर दाखवते. त्याला मोबाईलचे ठिकाण पाहण्याची परवानगी द्यावी लागते, अन्यथा ते निरुपयोगी ठरते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ अ‍ॅपही इशारे थेट मोबाईलवर पोहोचवते. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरणारे इशारे मात्र तारीख आणि वेळ पाहूनच खरे मानावेत, कारण तीन तासांचा इशारा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एका गटातून दुसऱ्या गटात पुढे पाठवला जात राहतो. त्यातून विनाकारण घबराट तरी पसरते किंवा खऱ्या इशाऱ्यावरचा विश्वास तरी उडतो.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. वादळ जवळ आले की लाईट जाते आणि पाठोपाठ मोबाईलचे नेटवर्कही दगा देऊ शकते. शिवाय इशारा जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा असतो. आपल्या गटनंबरचा इशारा कोणीही देऊ शकत नाही. शेवटचा निर्णय आकाश पाहून आणि कान देऊन आपल्यालाच घ्यावा लागतो.

तिसरी पायरी : इशाऱ्याच्या दिवशी कामांची वेळ बदलणे

वळवाची वादळे बहुधा दुपारी दोन-तीननंतर आणि संध्याकाळच्या सुमारास होतात, कारण दिवसभर तापलेल्या जमिनीवरची उष्ण, दमट हवा तोपर्यंत वेगाने वर चढू लागलेली असते. त्यामुळे पिवळा किंवा त्यावरचा रंग असलेल्या दिवशी मोकळ्या रानातील कामे पहाटे सुरू करून दुपारपर्यंत आटोपावीत, आणि दुपारनंतर घराजवळची कामे ठेवावीत. मजूर लावले असतील तर सकाळीच त्यांना सांगावे की ढग गरजला तर काम थांबेल आणि त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही. मजुरी जाण्याच्या भीतीने थांबलेली माणसे उशिरा हलतात.

ऑक्टोबरमधील सोयाबीनच्या काढणीचे उदाहरण घेऊ. कापलेले सोयाबीन शेतात गंजी लावून ठेवलेले असते, मळणीयंत्राची पाळी दोन दिवसांनी असते आणि तिसऱ्या प्रहरी पूर्वेकडून आभाळ भरून येते. घरातील सगळे ताडपत्री घेऊन धावतात. वाऱ्यात ताडपत्री फुगते, चार कोपरे चौघे धरून ठेवतात, आणि भोवतालच्या सपाट रानात उंच अशी एक गंजी आणि तिच्याभोवती उभी असलेली चार माणसे एवढेच काय ते शिल्लक राहते. हा प्रसंग टाळायचा तर ताडपत्री सकाळीच अंथरून तिच्या कडा मातीने किंवा वाळूच्या गोण्यांनी दाबून, वरून दोरी आडवी-उभी आवळून ठेवावी. ऊन हवे असेल तर दुपारपर्यंत एकच बाजू उघडी ठेवावी. एकदा गडगडाट कानी पडला की गंजी जशी असेल तशी सोडावी. वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत भिजताना पाहून घरात बसणे किती कठीण आहे हे शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही, आणि म्हणूनच हा निर्णय सकाळी शांत डोक्याने घेऊन ठेवायचा असतो.

त्याच दिवशी दुपारआधी मोबाईल आणि बॅटरी चार्ज करून ठेवावी, पिण्याचे पाणी भरून घ्यावे, आणि टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, फ्रिज, वायफाय यांचे प्लग काढून ठेवावेत. गडगडाट सुरू झाल्यावर प्लग काढायला जाऊ नये. शेतातील मोटारीच्या स्टार्टर पेटीजवळ आणि डीपीजवळ (विजेच्या रोहित्राजवळ) तर अजिबात जाऊ नये.

गुरांचाही विचार याच वेळी करावा. झाडाखालची दावण सावलीसाठी सोयीची असली तरी वादळाच्या दिवशी तीच जीवघेणी ठरते, कारण जमिनीतून पसरणारा विजेचा प्रवाह जनावराच्या पुढच्या पायांतून शिरून मागच्या पायांतून बाहेर पडतो आणि वाटेत हृदय सापडते. दुपारीच गुरे गोठ्यात आणावीत. तारेच्या कुंपणालगत किंवा लोखंडी साखळीने खांबाला बांधून ठेवू नयेत.

चौथी पायरी : आभाळ आणि आवाज

फुलकोबीच्या गड्ड्यासारखा वर वर चढत जाणारा आणि माथ्यावर ऐरणीसारखा सपाट पसरलेला ढग, त्याचा काळा-निळा तळ, अचानक पडलेला वारा आणि त्यानंतर धुळीच्या लोटासह आलेला थंड झोत ही वादळ अगदी जवळ आल्याची लक्षणे आहेत. ढगाला हिरवट छटा असेल तर गारांची शक्यता धरावी. महाराष्ट्रात २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेल्या गारपिटीने उभी पिके, द्राक्षबागा आणि जनावरे यांची जी हानी केली ती आजही शेतकरी सांगतात. गारा सुरू झाल्या आणि आपण उघड्यावर असलो तर पाटी, गोणपाट किंवा जे हाती लागेल ते डोक्यावर धरून बंद आसऱ्याकडे जावे.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनाने भागले की विजेचे अंतर किलोमीटरमध्ये कळते, कारण आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तेव्हा निवाऱ्यात असलेच पाहिजे. तथापि मोजणीच्या फंदात न पडता पहिला गडगडाट ऐकताच निघणे अधिक शहाणपणाचे, कारण ढगापासून दहा किलोमीटर दूर, डोक्यावर निळे आभाळ असतानाही वीज पडू शकते. ज्यांच्या शेतापासून निवारा पंधरा मिनिटांवर आहे त्यांनी गडगडाटाचीही वाट न पाहता ढग चढताना दिसला की निघावे. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटे बाहेर पडू नये. पाऊस थांबला म्हणजे वीज थांबली असे नसते, आणि उरलेले काम उरकायला लगेच बाहेर पडलेली माणसेच अशा वेळी सापडतात.

पाचवी पायरी : घरात असताना आणि वाटेत गाठले असताना

घरात दारे-खिडक्या बंद करून त्यांपासून दूर, खोलीच्या मध्यभागी बसावे. नळ, लोखंडी ग्रील आणि चार्जिंगला लावलेला मोबाईल यांना हात लावू नये. आंघोळ आणि भांडी नंतर करावीत. चार्जरपासून सुटा असलेला मोबाईल वापरण्यास हरकत नाही. मोबाईल वीज ओढून घेतो ही अफवा आहे. पायाळू माणसावर वीज पडते ही जुनी समजूतही तशीच निराधार असून, तिच्यापायी एखाद्या मुलाला वादळात वेगळे बसवले जात असेल तर शेजारधर्म म्हणून तरी ते थांबवावे.

वाटेत वादळाने गाठले तर मोटारसायकल बाजूला लावून पक्क्या घरात आसरा मागावा; गावात अशा वेळी कोणी नाही म्हणत नाही. आसपास काहीच नसेल तर एकट्या झाडापासून, विहिरीपासून, शेततळ्यापासून, वीजखांबांपासून आणि तारेच्या कुंपणापासून दूर व्हावे, टेकाडावरून खाली उतरावे, खांद्यावरचे खोरे-कुदळ आणि छत्री टाकून द्यावी, आणि सोबतच्यांनी एकमेकांपासून दहा-पंधरा पावलांवर पांगावे. दोन्ही पाय जुळवून, चवड्यांवर उकिडवे बसून, डोके खाली घालून कान झाकावेत. जमिनीवर आडवे होऊ नये. ही बैठक अगदी नाइलाजाची असून तिने धोका थोडाच कमी होतो, म्हणून चालत जाऊन निवारा गाठता येत असेल तर चालत राहावे. खोल ओढ्याच्या पात्रात मात्र लपू नये. वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचा लोंढा काही मिनिटांत खाली येतो. फरशी पुलावरून वेगाने पाणी वाहत असेल तर ते गुडघ्याइतकेच दिसले तरी गाडी घालू नये.

सहावी पायरी : कोणावर वीज पडली तर

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला ताबडतोब हात लावता येतो. १०८ किंवा ११२ वर फोन करण्यास एकाला सांगून दुसऱ्याने श्वास पाहावा. श्वास नसेल किंवा माणूस केवळ आचके देत असेल तर त्याला कडक जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मध्यभागी एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवावा, कोपरे ताठ ठेवावीत, आणि पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहावे. दमल्यास दुसऱ्याने हात बदलावा, पण खंड पडू देऊ नये. अनेक जण जखमी असतील तर ओरडणाऱ्यांपेक्षा निपचित पडलेल्यांकडे आधी जावे, कारण विजेने थांबलेले हृदय दाब दिल्याने पुन्हा चालू होण्याची आशा बऱ्यापैकी असते. काही ठिकाणी जखमीला शेणात किंवा मातीत पुरून ठेवण्याचा प्रकार होतो. त्यात नेमकी मोलाची मिनिटे वाया जातात. शुद्धीवर असलेल्या माणसाचे पाय तात्पुरते लुळे पडू शकतात, कानाचे पडदे फाटू शकतात, आणि हृदयाचे ठोके नंतर बिघडू शकतात, म्हणून वरून ठणठणीत दिसणाऱ्यालाही दवाखान्यात न्यावे.

वादळ ओसरल्यावर

तुटलेल्या तारेपासून किमान दहा मीटर दूर राहावे, इतरांना अडवावे, आणि वायरमनला किंवा महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवावे. लाईट गेलेली असली तरी ती तार मेलेली समजू नये, कारण पुरवठा कोणत्याही क्षणी परत येतो. पडलेल्या झाडात तार अडकली असेल तर फांद्याही तोडू नयेत.

मनुष्यहानी झाली असेल तर शवविच्छेदन आणि तलाठ्यामार्फत पंचनामा हे दोन्ही झाल्याशिवाय मदतीचे प्रकरण तहसीलमध्ये पुढे सरकत नाही. दुःखाच्या भरात परस्पर अंत्यविधी उरकला जातो आणि कुटुंब चार लाख रुपयांच्या मदतीला मुकते, म्हणून पोलीस पाटलांना लगेच कळवणे शेजाऱ्यांनी आपल्याकडे घ्यावे. जनावर दगावले असेल तर ते पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासणी करून घ्यावी, कानातील बिल्ल्यासह छायाचित्रे काढावीत आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत दुधाळ गाय किंवा म्हशीसाठी ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलासाठी ३२,००० रुपये आणि शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये अशी तरतूद असून, किती जनावरांसाठी मदत मिळेल यावर मर्यादा आहे.